सहा ड्रॉवर, बारा बोल्ट

“ह्यात भूत आहे बे,” गफूर म्हणाला आणि कपाटापासून दोन पावलं मागे सरकला.

त्यानं वरचा ड्रॉवर आत ढकलला होता आणि त्याच क्षणी खालचा ड्रॉवर आपोआप बाहेर येऊन त्याच्या गुडघ्यावर आदळला होता. तो गुडघा चोळत होता आणि मी हसत होतो. आयुष्यात मला इतका अभिमान परत कधी वाटला नाही.

“भूत नाही, फिटिंग,” मी म्हणालो. “एक ड्रॉवर आत गेला की आतली हवा दुसऱ्याला बाहेर ढकलते. हवा निघून जायला केसाएवढी फटच ठेवली नाही मी. सायकलच्या पंपाचा दट्ट्या कसा असतो, तसं.”

“मग सगळे एकदम बंद कसे करायचे?”

“हळू. दम धरून.”

“आणि घाई असली तर?”

“कपड्याच्या कपाटाशी कसली घाई?”

गफूरनं मान हलवली. तो माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचा टेम्पो होता, आणि त्याच टेम्पोतून ते कपाट सोलापुराहून कुडाळजवळच्या एका गावी जायचं होतं. तिथल्या वासुदेव मेस्त्रींना ते पसंत पडलं तर त्यांची मुलगी माझी बायको होणार होती. पसंत पडलं नाही तर कपाट परत आणायचं, आणि मीही परत यायचं.

वैजयंती मेस्त्री पोस्टात नोकरीला म्हणून सोलापुरात आली आणि माझ्या मावशीच्या घरी भाड्याच्या खोलीत राहिली. दोन वर्षं मी मावशीकडे इतक्या वेळा गेलो की मावशीला वाटलं माझं तिच्यावरचं प्रेम अचानक उतू चाललंय. शेवटी वैजयंतीनं घरी पत्र लिहिलं. मुलगा मल्लिनाथ उंबरजे, सूतगिरणीत फिटर, निर्व्यसनी, जात वेगळी, स्वभाव थोडा फुशारकीचा. हे शेवटचं तिनं कशाला लिहिलं, ते मला अजून कळलेलं नाही.

वडिलांचं उत्तर चार ओळींचं आलं. जातीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. ‘मुलाने स्वतःच्या हाताने सहा खणांचे लाकडी कपाट करून घेऊन यावे. त्यात एकही खिळा नसावा. वैजयंतीने हात लावू नये व काही सांगू नये. कपाट पाहून पुढचे बोलू.’

मी पत्र वाचून मोठ्यानं हसलो. “एवढंच? अगं, मी गिरणीत व्हर्निअरनं मिलिमीटरचा अंश मोजून काम करणारा माणूस. लाकूड म्हणजे काय, मऊ लोखंड!”

वैजयंतीनं माझ्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या कुणाला तेव्हाच घाम फुटला असता.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं छोटंसं वर्कशॉप होतं. एक व्हाइस, एक ड्रिल, कानसांचा डबा आणि भिंतीवर आकारानं लावलेले पान्हे. जुने हातमाग मोडीत निघाले होते, त्यांचं सागवान मिळालं. उन्हाळाभर मी गिरणीतून आलो की शेडमध्ये. लाकूड लोखंड कापायच्या हॅक्सॉनं कापलं, कानशीनं घासलं. फिटरची रीत अशी की दोन भाग एकमेकांत बसवायचे तर एकाला मार्किंग ब्लू लावायचा, निळ्या मलमासारखा असतो तो, आणि सरकवून पाहायचं. जिथं निळं लागेल तिथं घासायचं. परत लावायचं, परत सरकवायचं. सहा ड्रॉवर मी तसेच बसवले. एकेका ड्रॉवरला आठवडा लागला. शेजारचे लोक माझ्या निळ्या हातांकडे पाहून आईला विचारायचे, मुलगा रंगाऱ्याकडे लागला का?

एकदा वैजयंती शेडच्या दारात उभी राहिली. तिनं एक ड्रॉवर बोटानं ढकलला, दुसरा बाहेर आला, तो ढकलला तर तिसरा आला. तिनं तिसऱ्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, “मला काही सांगायचं नाहीये. पण थोडं सैल ठेव.”

“सैल?” मला कानाखाली मारल्यासारखं वाटलं. “फिटरला सैल ठेवायला सांगतेस?”

“आमच्याकडची हवा वेगळी आहे.”

“हवा ही हवा असते.”

“बरं,” ती म्हणाली, आणि निघून गेली.

सुताराची मुलगी, तिला काही मतं असणारच, असं मी मनाशी म्हणालो. अधिक विचार केला नाही.

एक गोष्ट मात्र मी वैजयंतीलाही सांगितली नव्हती. लाकडाचे सांधे नुसते एकमेकांत अडकवून ते कपाट उभं राहीना. ड्रॉवर झकास बसायचे, पण सांगाडा दिवसभरात एका बाजूला कलायचा. खिळा मारायचा नव्हता. तीन रात्री झोप लागली नाही. चौथ्या दिवशी मी मागच्या फळीतून सांगाड्यात बारा बोल्ट घातले, नट आवळले, आणि प्रत्येकावर लाकडाची गोल टिकली बसवून वरून पॉलिश मारलं. कपाट बुरुजासारखं उभं राहिलं. मनाला टोचत नव्हतं असं नाही. पण पत्रात खिळा नसावा असं होतं. बोल्टाबद्दल काही लिहिलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये आम्ही निघालो. वैजयंती रजा घेऊन चार दिवस आधीच गावी पोचली होती. सहा ड्रॉवर रिकामे नेणं मला पटेना. माझा नवाकोरा पांढरा शर्ट आणि पँट, तिच्या आईसाठी माझ्या आईनं दिलेली इरकल साडी, वडिलांसाठी धोतरजोडी, शेंगाचटणी, आरसा-कंगवा, सगळं ड्रॉवरमध्ये भरलं. कपाट ताडपत्रीत गुंडाळून दोरखंडानं बांधलं. प्रवासात कपडे चुरगळू नयेत म्हणून मी स्वतः लुंगी आणि बनियनवर बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचू, गावाबाहेर विहिरीवर अंघोळ करू आणि कपडे काढून घालू, असा बेत होता.

घाटात दरड कोसळली. तीन दिवस आम्ही तिथंच. ढग टेम्पोत शिरायचे, गफूरची विडी पेटायची नाही, माझं बनियन अंगावरच ओलं राहायचं. कपाट मात्र बांधलेलं होतं म्हणून मी निर्धास्त होतो. चौथ्या दिवशी रस्ता मोकळा झाला आणि आम्ही सुसाट निघालो. गावाबाहेरची विहीर लागायची होती तेवढ्यात एका वळणावर वैजयंतीची आई भाजी घेऊन येताना भेटली. वैजयंतीनं तिला टेम्पोचा रंग सांगून ठेवला होता. तिनं हात केला आणि पुढं बसून आम्हाला थेट घरी नेलं. विहीर मागे राहिली.

असा मी लुंगी-बनियनवर, तीन दिवसांच्या दाढीसह, वासुदेव मेस्त्रींच्या पडवीत उतरलो.

ते आरामखुर्चीत बसले होते. बारीक अंगाचे, पांढऱ्या भुवयांचे. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बायकोला विचारलं, “ह्यो ड्रायव्हर?”

“ड्रायव्हर मी,” गफूर म्हणाला. त्याच्या अंगात शर्ट होता.

“अगो बाय,” वैजयंतीची आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. आतून हसण्याचे दोन आवाज आले. त्यातला एक माझ्या ओळखीचा होता.

“मेस्त्रीकाका, आधी कपडे घालतो आणि मग दाखवतो,” मी म्हणालो.

“घाल मगे.”

“कपडे कपाटात आहेत.”

“मगे उघड.”

आम्ही कपाट उतरवलं, ताडपत्री काढली. पॉलिश अजून चकाकत होतं. माझी छाती फुगली. मी वरच्या ड्रॉवरची पितळी मूठ धरली आणि अलगद ओढली.

काही झालं नाही.

मी जरा जोर लावला. काही नाही. दुसरा ओढला. तिसरा ओढला. सहाही ड्रॉवर भिंतीत चिणल्यासारखे बसले होते. मी पाय कपाटाला लावून ओढलं, तर लुंगी सुटायला आली. गफूर पुढं झाला. मी ओढायला लागलो आणि कपाट माझ्यामागे पडवीभर यायला लागलं. गफूरनं मागून कपाट धरलं तर गफूरही यायला लागला. आम्ही तिघं, म्हणजे मी, कपाट आणि गफूर, तुळशीपर्यंत गेलो आणि परत आलो.

“थांबा रे,” मेस्त्री म्हणाले. “पडवी खरवडतास.”

ते उठले. कपाटाच्या कडेवरून अंगठा फिरवला. एका ड्रॉवरच्या वर नख घालून पाहिलं. नख जाईना.

“किती फट ठेवलंस?”

“फट नाहीच ठेवली,” मी म्हणालो. सोलापुरात हे वाक्य म्हणताना मला फार आनंद व्हायचा.

“खंय सुकवलंस?”

“सोलापुरात. मे महिन्यात.”

त्यांनी डोळे मिटले. एखाद्यानं जवळचा माणूस गेल्याची बातमी ऐकावी तसा त्यांचा चेहरा झाला. “लाकूड फुगला रे. हयची हवा पिऊन फुगला. आत काय काय असा?”

“माझे कपडे. आईंसाठी साडी. तुमच्यासाठी धोतरजोडी.”

“म्हणजे माझा धोतरय अडाकला.”

“चटणी पण,” गफूर म्हणाला.

मेस्त्री मागच्या बाजूला गेले. “पाठची फळी काढ. भायल्यान ढकल. येतीत.”

मागची फळी काढायची म्हणजे टिकल्या काढायच्या, आणि टिकल्यांखाली बोल्ट. मला उन्हाळा आठवला, निळे हात आठवले. दोन वर्षं मावशीकडे प्यालेला चहा आठवला.

वैजयंती दारात आली होती. ती सरळ कपाटामागे गेली, एका टिकलीवर बोटानं टकटक केलं, मग दुसरीवर. माझ्याकडे पाहिलं.

“मल्लिनाथ, ह्या कसल्या टिकल्या?”

“शोभेच्या.”

“पाठीमागे शोभा?”

गफूरनं मला कोपरानं ढोसलं. “सांग बे. लपून काय राहणाराय? पान्हा माझ्या टेम्पोत आहे.”

“बोल्ट आहेत,” मी म्हणालो.

“किती?” मेस्त्रींनी विचारलं.

“बारा.”

“बारा?”

“वॉशरसकट,” गफूर म्हणाला. “स्प्रिंग वॉशर. निघत नाहीत ते.”

“तुम्ही खिळा नको लिहिलं होतं,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. “सांधा उभा राहत नव्हता, काका. मला येत नव्हतं. म्हणून लपवले.”

मेस्त्री वळले आणि घराच्या बाजूच्या त्यांच्या खोपीत निघून गेले. मला वाटलं, संपलं. पडवीतल्या गारठ्यात बनियनवर उभं राहून मी परतीच्या घाटाचा विचार करायला लागलो. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

ते रंधा घेऊन परत आले. तो माझ्या हातात दिला. “बोल्ट काढ. खण भायर काढ. सगळ्या कडांनी मार.”

मी बाराही बोल्ट काढले. मागून लाथा घातल्यावर एकेक ड्रॉवर करकरत बाहेर आला. पहिल्यात माझा शर्ट होता. पांढरा म्हणून ठेवलेला तो शर्ट आता आकाशी झाला होता, आणि आकाशीत गर्द निळे पट्टे होते. कडांवर राहिलेला मार्किंग ब्लू तीन दिवसांच्या ओलीत सुटून सगळ्यात उतरला होता. इरकल साडीला नवा काठ आला होता. धोतरजोडी मेस्त्रींनी उलगडून उजेडात धरली, आणि पहिल्यांदाच त्यांच्या मिशीला किंचित हालचाल झाली. “होळयेक बरी,” ते म्हणाले.

मी निळा शर्ट चढवला आणि ड्रॉवर मांडीत धरून रंधा मारायला लागलो. कानस चालवतो तसाच, अंगाचा भार टाकून, पुढं-मागं. रंधा मागे ओढायचा नसतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लाकडाचे लचके निघायला लागले. वैजयंती माझ्यासमोर उभी होती. तिनं ओठ इतके घट्ट मिटले होते की पांढरे पडले होते. तिसऱ्या लचक्याला तिला राहवेना.

“आबा, परीक्षा संपली का?”

“संपली,” मेस्त्री म्हणाले.

“मग दे इकडे,” ती मला म्हणाली. पदर कमरेला खोचला आणि हात पुढं केला.

मी रंधा तिच्या हातात दिला. “मी काय धरू?”

“ड्रॉवर धर. हलू नको. बोलू नको.”

मी खाली बसलो आणि ड्रॉवर गुडघ्यांत धरला. तिनं लाकडावरून तळहात फिरवला, रंध्याचं पातं एका टिचकीनं सारखं केलं आणि एक हात मारला. पातळ, लांबच लांब साल निघाली आणि माझ्या मांडीवर येऊन पडली. मग दुसरी. मी मिलिमीटरचे पन्नास भाग मोजणारा माणूस, पण तिनं डोळ्यांनीच मोजून जेवढं हवं तेवढंच काढलं. ड्रॉवर फिरवायचा असला की ती नुसती भुवई उडवायची, आणि मी फिरवायचो. दोन वर्षांत तिनं आपल्याला हे येतं असं मला एकदाही सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा. मीच बोलत होतो.

दगडी गडग्यापलीकडे शेजारचे एक म्हातारे येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहून ते मोठ्यानं म्हणाले, “वासुदेवा, ह्या काय? चेडू रंधो मारता नि पावणो खण धरता?”

मेस्त्रींनी मान वळवली. माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, उत्तर मीच द्यायचं असावं.

“तिला जास्त चांगलं येतं,” मी म्हणालो.

“बोलू नको म्हटलं ना,” वैजयंती म्हणाली. “हललास.”

तिसरा ड्रॉवर झाला तेव्हा तिनं तो कपाटात सरकवला. तो बोटाच्या धक्क्यानं आत गेला आणि दुसरा कुठलाही बाहेर आला नाही. खोटं कशाला बोला, मला जरासं वाईटच वाटलं.

मेस्त्री आरामखुर्चीत बसले होते. मी धीर करून जवळ गेलो. “काका, कपाट नापास ना?”

“कपाट? जळणात घालण्यासारखा असा तुझा कपाट.” त्यांनी तंबाखूची डबी काढली. “बारा बोल्ट. माझ्या सात पिढ्यांनी बोल्ट बघूक नाय.”

मी मान खाली घातली. घाट परत डोळ्यांसमोर आला.

“गेल्या वरसा एक मागणी घालूक इल्लो,” ते सावकाश म्हणाले. “कणकवलीचो. सुताराचोच झील, पोरगो. कपाट असा करून हाडल्यान की बोट फिरवत रवाचा. वैजूनं एक खण उघडून बघितल्यान, म्हणाली, हयली पट्टी उलटी लागली हा. खरीच उलटी होती. तिना पटाशी हातात घेतल्यान. तर तो काय म्हणालो ठावक असा?”

“काय?”

“म्हणालो, तू जा, चाय कर.” त्यांनी तंबाखू तळहातावर चोळली. “मिया तेका चाय पाजलंय नि एस्टीत बसवलंय. चेडवाक मी हात धरून शिकवलंय रे. झील नाय म्हणून न्हय. तिका येता म्हणून.”

मागे रंध्याचा आवाज थांबला होता. वैजयंती ऐकत होती.

मेस्त्रींनी माझ्या निळ्या शर्टाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग उरलेल्या तीन ड्रॉवरांकडे. खुर्चीतून उठले आणि बाह्या वर केल्या.

“तुका चाय करूक येता?”

“येतो,” मी म्हणालो.

“कर मगे. आमका दोघांका अजून तासभर लागात.”

ते तिच्यासमोर खाली बसले, चौथा ड्रॉवर गुडघ्यांत धरला, आणि ती रंधा मारायला लागली. गफूर माझ्याकडे पाहून दात काढत होता. मी लुंगी वर खोचली आणि माजघर ओलांडून स्वयंपाकघरात गेलो. चुलीपाशी वैजयंतीची आई ती निळी साडी अंगाशी धरून काठ न्याहाळत होती. मी आधण ठेवलं आणि इकडंतिकडं डबे शोधायला लागलो.

“साखर वरल्या फळयेर असा,” ती मान वर न करता म्हणाली. “डावीकडे बघा, जावयबापू.”